बांध सगळ्यांचा, यादी मात्र सातबारावाल्यांची

आधी पत्र. थोडं कापलंय, गावाचं नाव काढलंय.

"ताई, मी पेण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात सात वर्षांपूर्वी सून म्हणून आले, आणि आता ग्रामपंचायतीत मेंबर आहे (महिला सीट होती म्हणून घरच्यांनी उभं केलं, खोटं कशाला बोलू). आमची सगळी भातशेती खारीतली (खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन). आता हवामान बदलासाठी गावाचा आराखडा करायचाय, थोडा निधी एका संस्थेकडून, थोडा पंचायतीचा. कमिटी झाली 11 जणांची, सगळे सातबारावाले, अध्यक्ष माझे चुलत सासरे. यादीपण तयार. बाहेरकाठा (खाडीकडचा बाहेरचा बांध) उंच करायचा पण सुरुवात वरच्या अंगाने, जिथे मोठे तुकडे आहेत. खारं सोसणारं बियाणं फुकट, सातबारा बघून एकरी. लावणीचं एक मशीन. आणि खालच्या अंगाला चार वर्षांपूर्वी खांड गेली (म्हणजे बांध फुटला), तिथे आता तिवरं (कांदळवनाची झाडं) उगवलीत, तिथल्या सात-आठ शेतकऱ्यांना सांगितलंय की तिकडे खर्च करण्यात अर्थ नाही, सोडून द्या. गावातली जवळजवळ निम्मी शेती मक्त्याने (भाड्याने) जाते, मालक मुंबई-ठाण्याला. लावणीला बाया येतात त्या कातकरवाडीतून. यातलं कोणीच कमिटीत नाही. मी एकदा बोलले तर सासरे म्हणाले, अगं एकरी सारखंच वाटतोय की, यापेक्षा न्याय तो काय? सासूबाई म्हणतात आपला तुकडा वरच्या अंगाला आहे, आपलं भलं होतंय, गप बस. गप बसू का? आणि बोलायचं तर नेमकं मागू काय? — खाडीकाठची सून"

सूनबाई, गप नको बसू. पण उद्या उठून सासऱ्यांच्या अंगावरपण जाऊ नको, कारण पत्रावरून ते लबाडी करतायत असं मला वाटत नाहीये, त्यांना मनापासून वाटतंय की एकरी सारखं दिलं म्हणजे झालं. मला पण वाटायचं. मी 27 वर्षं कृषी सहाय्यक म्हणून काढली, त्यातली बरीच खारपट्ट्यातच, आणि एका वर्षी खारीसाठीचं बियाणं आलं ते मी सातबारा बघून, सही घेऊन, मोजून वाटलं, रजिस्टर इतकं चोख की साहेबांनी कौतुक केलं. ऑगस्टमध्ये त्याच गावात एका घरी पाणी प्यायला थांबले तर पडवीत आठ पिशव्या रचलेल्या, शिलाईपण उसवलेली नाही. मालक गणपतीला येणारा, भावाने त्याच्या नावावर उचललेल्या. आणि ती जमीन जो कसत होता त्याने दुकानातनं साधं बी उधारीवर आणून टाकलं होतं, ते जुलैच्या उघडिपीत करपून गेलं. माझ्या रजिस्टरात मात्र सगळ्यांना सारखं. ते रजिस्टर आठवलं की अजून लाज वाटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, यादी जमिनीच्या मापाने नका करू, नुकसानीच्या मापाने करा. गेल्या पाच-सहा वर्षांत पाणी कुठून शिरलं, आधी कोणाच्या शेतात, कोणाचं भात गेलं, कोणाची मजुरी बुडली, कोणी कर्ज काढलं, हे आधी लिहून काढा आणि मग पैशाची यादी त्याच्याखाली लिहा. कमिटीने उलटं केलंय, आधी खर्च ठरवला आणि आता त्याला न्याय म्हणतायत.

आता एकेक बघू. बाहेरकाठ्याचं तर तू सासऱ्यांना त्यांच्याच फायद्याचं बोलून पटवू शकतेस. खार ही अख्खी एक थाळी असते गं, बाहेरकाठा म्हणजे तिची कड. उधाणाचं पाणी कड जिथे सगळ्यात खाली असेल तिथूनच येणार. वरच्या अंगाची कड दोन हात उंच केली आणि खालची तशीच ठेवली तर आषाढातल्या मोठ्या उधाणाला पाणी खालून आत येईल आणि आतल्या आत फिरून मागच्या बाजूने वरच्या तुकड्यांत पोचेल, एका उधाणात नाही तर चार उधाणांत. वर तिकडे ते निघायलापण वेळ लागेल कारण उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, खाली आहे. म्हणजे वरून सुरुवात करणं हे अन्यायाचं आहेच, पण त्याच्याही आधी ते येडपटपणाचं आहे. खालची खांड आणि उघाडीची फळी हे पहिलं काम, उंची नंतर. हे कमिटीतल्या म्हाताऱ्यांना मनातून माहितीये, विचारून बघ. पूर्वी जोळ होता, म्हणजे गावाने मिळून बांध राखायची पद्धत, तेव्हा खांड गेली की रात्रीबेरात्री सगळे चिखल-पेंढा घेऊन तिथेच धावायचे, आपला तुकडा कुठे आहे हे बघत नव्हते. (जोळाचं फार गोडवे गायला नको, तिथेपण शब्द जमीनवाल्यांचाच चालायचा आणि चिखल वाहायला वाडीतले, हे मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय.) आणि हो, तुमचा बांध सरकारी खारभूमी योजनेत आहे की खाजगी योजनेत ते आधी कागदावर बघा. 1979 च्या खारजमीन कायद्याखाली सरकारी योजनेतल्या बांधाची देखभाल सरकारकडे येते, मग तो खर्च गावाच्या तुटपुंज्या निधीतून का करताय? तो पैसा दुसरीकडे वळवता येईल.

खालच्या त्या सात-आठ जणांचं मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. "सोडून द्या" हा शब्द ऐकायला सल्ल्यासारखा वाटतो. पण त्यांनी सोडलं कुठे, खांड वेळेवर कोणी बांधली नाही म्हणून त्यांची जमीन गेली. पहिल्या वर्षी खांड बुजवली असती तर दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुवून भात परत उभं राहिलं असतं. चार वर्षं खारं पाणी आत-बाहेर करत राहिलं की तिवरं येतात, आणि एकदा तिवरं आली की विषयच संपतो, कारण मुंबई हायकोर्टाने 2005 ला अंतरिम आणि 2018 ला शेवटचा निकाल दिलाय त्यानुसार कांदळवन कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असलं तरी ते वन, तोडायचं नाही, भोवती 50 मीटरची पट्टीपण मोकळी. निकाल चुकीचा असं मी म्हणत नाहीये, कांदळवनं नसती तर आपले बांध कधीच गेले असते. पण त्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर पडला बघ. गावाने दुरुस्तीला उशीर केला, जमीन त्या सात-आठ जणांची गेली आणि आता त्यांच्याच शेतात उगवलेली तिवरं लाटा झेलून तुमच्या वरच्या तुकड्यांचा बांध वाचवणार! फुकटात! त्यांना आराखड्यातून वगळायचं कसं काय, ते तर आराखड्यात पहिल्या नंबरवर पाहिजेत. आतला नवा काठा जिथे घालायचा तिथे त्यांचं उरलेलं क्षेत्र आत येईल अशी आखणी मागा. जे बाहेर राहील त्याच्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाची संरक्षण आणि उपजीविका योजना आहे 2017 पासूनची, खेकडापालन, कालवं वगैरे, गावात सहव्यवस्थापन समिती करावी लागते, त्या समितीत आणि त्या गटात पहिला हक्क यांचा असा ठराव घ्या. खेकडापालनाने भाताची भरपाई होते असं मी अजिबात म्हणणार नाही, घरचा तांदूळ तो घरचा तांदूळ. पण "सोडून द्या" म्हणून हात झटकण्यापेक्षा बरं.

मक्तेदारांचं सगळ्यात नाजूक आहे, इथे जपून बोल. मालक कागदावर काही लिहून देत नाहीत कारण पोटात कुळकायद्याची भीती. आता गंमत बघ, हा कायदा आला कुठून? आपल्याच रायगडातनं. अलिबागजवळ चरीला 1933 ला कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं ते 1939 पर्यंत, सहा वर्षं, पंचवीसेक गावं, लोकांनी लाकडं विकून आणि खाडीतली मासळी मारून दिवस काढले पण खोताच्या शेतात पाय नाही ठेवला. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. त्यातनं पुढे 1948 चा कुळकायदा आणि 1957 चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारी कुळं मालक ठरली. खारपट्ट्यातल्या कितीतरी सातबाऱ्यांवरची नावं त्या लढ्यातून लागलीत, तुझ्या सासरचंपण असेल कदाचित, जुना फेरफार काढून बघ. म्हणजे आजे-पणजे कूळ होते, आपण मालक झालो, आणि आता आपल्यालाच कुळाची भीती वाटते. हे सभेत बोलायचं की नाही ते तू ठरव, मी असते तर बोलले असते पण मी आता रिटायर आहे, मला कोणाच्या पंक्तीला बसायचं नाहीये.

पण भीती खरी आहे म्हणून कसणारा उपाशी राहावा असं नाही ना. पीकविम्याला कसणाऱ्याकडे नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, तो नाही. फार्मर आयडी सातबाऱ्याला जोडलेला. मोबाईलवरची ई-पीक पाहणी मालकाच्या खात्यावर. म्हणजे सरकारी पैसा मालकापर्यंत येऊन थांबतो, पुढे तो द्यायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर. ते तुम्ही गावात बसून बदलू शकणार नाही. पण या निधीला सातबाऱ्याची अट कोणी घातली? कमिटीनेच ना? मग कमिटीने दरवर्षी जूनमध्ये कसणाऱ्यांची यादी करावी, कुठला तुकडा यंदा कोण लावतंय एवढंच, वर स्पष्ट ओळ लिहायची की ही यादी फक्त बियाणं-खत वाटपासाठी आहे, हिच्यावरून कुठलाही हक्क लागत नाही. ती ओळ तालुक्यातल्या वकिलाकडून तपासून घ्या म्हणजे मालक लोक निवांत. संस्थेचा निधी असेल तर त्यांना ही अट बहुतेक आवडेलच. बियाणं जो चिखलात उतरतो त्याच्या हातात, बांधाचं काम जमिनीला, अशी सरळ वाटणी करा.

बियाण्याचं निघालंच तर, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची पनवेल 1, 2, 3 ही वाणं तुला माहिती असतीलच, आणि जुना काळा रता, भुरा रता कोणाच्या कणगीत अजून असेल तर तो जपा. उत्पन्न कमी येतं, लाल तांदूळ म्हणून पोरं नाक मुरडतात, पण मिठात उभा राहतो. हे बी सगळ्यांना एकरी सारखं कशाला? वरच्या गोड्या तुकड्याला त्याची गरजच नाही, तिथे दुसरं चांगलं वाण जास्त पिकेल. खालच्यांना आधी आणि पुरेसं द्या. ओडिशात पुरात बुडून टिकणाऱ्या स्वर्णा-सब1 भाताचा अभ्यास झाला होता, 2013 ला छापून आला, त्यात दिसलं की त्या वाणाचा फायदा दलित शेतकऱ्यांना जास्त झाला. कोणी आरक्षण ठेवलं नव्हतं, त्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या सखल, बुडणारी जमीनच आली होती आणि बी नेमकं तिथलं होतं. आपल्याकडेपण सगळ्यात खालचा, सगळ्यात खारा तुकडा कोणाच्या मक्त्याला जातो ते बघ एकदा.

मध्येच एक सांगते, कोणी कार्बन क्रेडिटवाला येऊन भाताचं पाणी आलटून पालटून सुकवा, मिथेन कमी होतो, पैसे मिळतील असं म्हणाला तर खारीत ऐकू नका. गोड्या जमिनीत ठीक आहे ते, पण आपल्याकडे शेत सुकलं की मीठ वर येतं, पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तरी येतं ते मग मुद्दाम कशाला आणायचं. आणि विम्याचं एक, भात पाण्याखाली जाण्याचं नुकसान 2018 ला स्थानिक आपत्तीच्या कव्हरमधून काढलं होतं, केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून ते परत येतंय, 72 तासांत ॲपवर फोटोसकट कळवायचं. आपल्या जिल्ह्याला, आपल्या पिकाला ते लागू आहे का हे हप्ता भरायच्या आधी विचारून घ्या, भरल्यावर नको. आणि पोकरा (हवामान बदलाला तोंड द्यायची राज्याची शेती योजना) आपल्याकडे आणा असं कोणी सभेत ओरडला तर सांग, त्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातपण विदर्भ, मराठवाडा, जळगाव, नाशिकच आहे, कोकण नाही. न्यायाचा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यातपण आहे म्हणायचा.

आता कातकरवाडी. सूनबाई, तुझ्या पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे, तीपण "लावणीला बाया येतात" अशी. रागवत नाहीये, दाखवतेय फक्त. मशीन आलं की पहिली मजुरी त्यांची जाणार. मशीनच नको असं मी म्हणणार नाही, लावणीला वाकून वाकून त्या बायांच्या कमरा गेल्यात, आणि मजूर मिळत नाहीत ही ओरडपण खोटी नाही. पण आराखड्यात मशीनचं भाडं, डिझेल, ड्रायव्हर सगळं लिहिलंय, गेलेल्या मजुरीच्या दिवसांचा आकडा लिहिलाय का? किती बाया, किती दिवस, किती रुपये, मोजा एकदा. मग बाहेरकाठ्याचं मातीकाम जेसीबीला न देता तेवढे दिवस वाडीला द्या. उघाडीत आणि खाडीत ते चिंबोऱ्या, निवट्या पकडतात, नवीन फळी बसवली, कुंपण घातलं की तो रस्तापण बंद होतो, तो ठेवायचा हे आखणी करतानाच बघावं लागेल. आणि पाऊस लांबला की त्यांचे कामाचे दिवस जातात, त्याचा पंचनामा कोणी करत नाही कारण पंचनामा पिकाचा होतो, रोजाचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सभेची तारीख. आराखडा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर करणार असतील तर तेव्हा वाडीवर असणार कोण? दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर, ते पावसाच्या तोंडावर येणार. घरांना कुलपं आणि सभेत एकमताने मंजूर! हे असं दरवर्षी होतं आणि कोणाच्या लक्षातपण येत नाही. 2 ऑक्टोबरच्या सभेत घ्या, भात कापणीच्या आधी, सगळे गावात असतात. त्याच्या आधी महिला सभा कायद्याने घ्यावीच लागते, ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरातच होते, तू मेंबर आहेस, ती खरी घे आणि वाडीवर घे, पंचायत हॉलमध्ये नको. हॉलमध्ये त्या बाया दाराशी बसतात आणि बोलत नाहीत, त्यांच्या अंगणात बसलीस तर खांड कुठे जाणार हे तुला कमिटीपेक्षा नेमकं सांगतील, रोज त्या काठ्यावरून चालतात त्या. जे ठरेल ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घे, सही घे, फोटो काढून ठेव. ग्रामसभेत मग तू एकटी बोलत नाहीस, महिला सभेचा ठराव वाचतेस. सासऱ्यांनापण ते सोपं जातं, सुनेचं ऐकलं असं होत नाही.

कमिटीत काय मागायचं, तर 11 च्या 15 करा म्हण, मक्त्याने कसणारा एक, खालच्या अंगाचा एक, वाडीतली दोन माणसं आणि त्यातली एक बाई. वाडीतल्या बाईला एकटीला नको घेऊ, सोबत वाडीतलंच दुसरं माणूस हवं, एकटी बाई अकरा पुरुषांत काय बोलणार, तुला अनुभव आहेच.

आणि सासूबाईंचं. त्या चूक बोलत नाहीत गं, तुमचा तुकडा खरंच वरच्या अंगाला आहे आणि नुकसानीच्या मापाने यादी झाली तर तुमचा नंबर खाली जाणार. हे आधी घरात बोलून घे, नवऱ्याशी पहिल्यांदा. नाहीतर सभेत कोणीतरी विचारेल, मग मेंबर, तुमचा बांध दुसऱ्या वर्षी केला तर चालेल का? आणि तू घरच्यांच्या तोंडाकडे बघशील. चालेल म्हणायची तयारी असेल तरच उभी राहा, आणि म्हणालीस तर बाकीचं मी वर लिहिलंय त्याच्या निम्मं बोलायचीपण गरज पडणार नाही बघ.

परत लिही. आणि उघाडीची फळी सध्या कोण टाकतं-काढतं, म्हणजे तो अधिकार नक्की कोणाकडे आहे, तेवढं शोधून कळव, पत्रात ते कुठेच आलं नाहीये आणि मला सारखं वाटतंय की तुमच्या गावातलं अर्धं भांडण तिथे आहे.